घर प्रथमच भाड्यानें देतांना

आमच्या आत्याचें कोथरुडांतील दोन खोल्यांचें घर सात वर्षें कुलपांत होतें. वयोमानानें ती आमच्याकडे राहावयास आली, तेव्हां जातां जातां तिनें ओट्यावर पालथी घातलेली भांडीं सात वर्षांनंतरहि तशींच होतीं. सोसायटीची वर्गणी, घरपट्टी आणि विजेचें किमान बिल मात्र न चुकतां जात होतें. पुढें आत्याच्या औषधांचा खर्च वाढला, तेव्हां मीं एकदां भीत भीत विषय काढला, "आत्या, घर भाड्यानें दिलें तर?" ती म्हणाली, "तुझ्या आजोबांच्या वाड्याचें काय झालें तें विसरलास वाटतें? एकदां शिरलेलें बिऱ्हाड आपल्या हयातींत बाहेर पडावयाचें नाहीं, बाबा."

हें भय खुळें नव्हे. त्याच्या पाठीशीं इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस घरांची टंचाई झाली, म्हणून मुंबई इलाख्यांत १९१८ सालीं भाडेवाढीस आळा घालणारा कायदा आला. दुसऱ्या महायुद्धांत तीच स्थिति पुनः उद्भवली आणि १९४७ चा सुप्रसिद्ध मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजीं जागेचें जें भाडें होतें तेंच तिचें प्रमाण भाडें मानावें, आणि भाडेकरू तें देत आहे तोंपर्यंत कायद्यांत सांगितलेल्या मोजक्या कारणांखेरीज त्यास घालवितां येऊं नये, असा त्याचा मथितार्थ. टंचाईच्या दिवसांत गरीब माणसाच्या डोक्यावरचें छप्पर राखणारा हा कायदा होता, आणि मुंबईच्या चाळींतून व पुण्याच्या वाड्यांतून असंख्य कुटुंबें त्याच्या आधारानें जगलीं, हें घरमालकाच्या नातवानेंहि मान्य केलें पाहिजे. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक राहिला. आजोबांच्या वाड्यांतील चार बिऱ्हाडांचें मिळून जें भाडें येई, त्यांत पावसाळ्यापूर्वीं कौलें परतण्याची मजुरीहि सुटत नसे.

या कचाट्यांतून निसटण्यासाठीं घरमालकांनीं 'लीव्ह अँड लायसन्स' या कराराचा आश्रय घेतला. त्यांत राहणाऱ्यास जागेंत कोणताहि हक्क मिळत नाहीं, केवळ राहण्याची परवानगी मिळते, अशी कल्पना. पण १९७३ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजीं चालू कराराखालीं जो परवानाधारक जागेंत राहत होता तोहि भाडेकरू मानला गेला. रात्रीं निजतांना जो परवान्यापुरता पाहुणा होता तो सकाळीं उठला तो भाडेकरू होऊन! आत्याच्या पिढीनें जो धसका घेतला तो या तारखेचा. त्यानंतर कित्येकांनीं घर रिकामें ठेवणें पत्करलें, पण किल्ली कोणाच्या हातीं दिली नाहीं.

आतां स्थिति पालटली आहे, आणि ती नेमकी कशी पालटली हें समजून घेतल्याशिवाय कोणीहि पहिलें पाऊल टाकूं नये. १९९७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें गोठविलेल्या भाड्यांच्या तरतुदी काळाच्या ओघांत अवाजवी झाल्या आहेत असा निर्णय दिला. पुढें महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला. जुन्या भाडेकरूंचें संरक्षण त्यानेंहि कायम ठेवलें. त्यांच्या भाड्यांत वर्षाला ४ टक्के वाढ तेवढी मोकळी केली. परंतु राहण्यासाठीं परवान्यावर दिलेल्या घराविषयीं त्याच्या २४ व्या कलमांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, मुदत संपतांच परवानाधारकानें जागा सोडली पाहिजे. न सोडल्यास मालकानें सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. आणि मुदतीनंतर अडून राहिल्याच्या काळाबद्दल परवानाशुल्काच्या दुप्पट दरानें भरपाई देणें त्यास भाग पडेल. या प्राधिकाऱ्यापुढें परवानाधारकास आपला बचाव मांडावयाचा असेल तर त्यासाठीं आधीं परवानगी मिळवावी लागते. प्रत्यक्षांत अर्जाच्या निकालास महिने लागतात, हें मी लपवीत नाहीं. परंतु महिने जाणें वेगळें आणि आजोबांच्या वाड्याप्रमाणें पिढ्या जाणें वेगळें. येथें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं हें सारें महाराष्ट्रापुरतें आहे. इतर प्रांतांचे कायदे निराळे. दुसरी ही कीं कलम २४ राहत्या घराविषयीं आहे. दुकानाचा गाळा देतांना तें गृहीत धरूं नये.

या संरक्षणाची किंमत म्हणजे करार लेखी असणें आणि तो नोंदविलेला असणें. येथें सुशिक्षित माणसेंहि कशीं चुकतात तें पाहा. अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा आपल्याकडे इतकी रूढ आहे कीं ती जणूं शास्त्रवचनच. तिचा उगम १९०८ च्या नोंदणी कायद्यांत आहे. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा त्या कायद्यानें नोंदवावा लागतो, म्हणून लोकांनीं एक महिना कमी करून नोंदणीचा खर्च वांचविला. परंतु महाराष्ट्रांत १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमानें ही पळवाट बुजविली आहे. करार एका महिन्याचा असो वा साठ महिन्यांचा, तो नोंदविलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. शिक्षेपेक्षांहि व्यवहारांत बोंचणारी गोष्ट पुढची आहे. नोंदलेला करार नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिलें याविषयीं भाडेकरूचें म्हणणें खरें धरलें जातें. तें खोटें असल्याचें सिद्ध करण्याचा भार मालकावर पडतो. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनीं शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लिहून, नोटरीचा शिक्का मारून घर दिलें. अनामत पन्नास हजार कीं एक लाख, यावरून पुढें वाद पडला. शिक्का होता, सही होती, परंतु नोंदणी नव्हती, आणि आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या त्या गृहस्थांना आपलाच कागद निरुपयोगी ठरलेला पाहावा लागला.

बरें, हा खर्च तरी किती? साठ महिन्यांपर्यंतच्या करारास एकूण शुल्काच्या पाव टक्का मुद्रांक लागतो. परत करावयाच्या अनामतीवर वार्षिक १० टक्के व्याज धरून तीहि रक्कम त्यांत मिळवितात. समजा, महिना २०,००० रुपयांनीं घर दोन वर्षांसाठीं दिलें आणि ६०,००० अनामत घेतली. चोवीस महिन्यांचे झाले ४,८०,०००, अनामतीवरील दोन वर्षांचें व्याज १२,०००, एकूण ४,९२,०००. त्याचा पाव टक्का म्हणजे १,२३० रुपये. महापालिकेच्या हद्दींत नोंदणी फी १,००० रुपये. सव्वादोन हजारांत दोन वर्षांची निश्चिंती येते, आणि हा खर्च दोघांनीं वांटून घेण्याची रीत आहे. शिवाय आतां दुय्यम निबंधकाच्या कचेरींत जाऊन बसावें लागत नाहीं. आधार क्रमांक देऊन घरच्या घरीं यंत्रावर अंगठा टेकला कीं झालें. आत्याचा अंगठा मात्र चार वेळां उमटेना. उतारवयांत बोटांवरच्या रेषा झिजतात. तिच्या तर पन्नास वर्षांच्या भांड्यांनीं झिजल्या होत्या. शेवटीं अनामिकेनें काम केलें. घरांत वृद्ध मालक असेल तर नोंदणीच्या दिवशीं वेळ हाताशीं ठेवावा, आणि घर एकाहून अधिकांच्या नांवावर असेल तर सर्वांच्या सह्यांची तजवीज आधींच करावी. परदेशीं असलेल्या भावाचें मुखत्यारपत्र ऐनवेळीं येत नाहीं.

कागदाविषयीं मीं बराच वेळ घेतला. परंतु खरी तयारी घराची असते, आणि माझी चूक तेथेंच होतां होतां राहिली.

सात वर्षांनीं कुलूप काढलें तेव्हां प्रथम दिसली ती ओल. शयनगृहाच्या पश्चिमेकडील भिंतीचे पोपडे सुटले होते. रंगाऱ्यानें सांगितलें, "घासून दोन हात मारतों, नवी दिसेल." नवी दिसलीहि असती, आषाढापर्यंत. ओल रंगानें झांकली जाते, जात नाहीं. आधीं बाहेरच्या भिंतीची भेग, वरच्या मजल्याची मोरी, किंवा खिडकीवरच्या छज्जाचा उतार तपासावा, ती वाट बंद करावी, भिंत पुरी वाळूं द्यावी आणि मग रंगाचा विचार करावा. म्हणून ही कामें फाल्गुन-चैत्रांत काढावीं. आमच्या भिंतीला वाळण्यास पांच आठवडे लागले, आणि तेवढ्या अवधींत "किती दिवस भाडें बुडवणार?" असें मला तीन दलालांनीं विचारलें.

नंतर नळ. बंद घरांतील नळांचे वायसर वाळून तडकतात. टांकीचा तरंगता चेंडू अडकतो. हीं कामें किरकोळ, पण बिऱ्हाड आल्यावर पहिल्याच आठवड्यांत फोन येतो तो याच कारणानें.

मग न्हाणीघर. तेथें आत्यानें पूर्वीं गॅसचा गीझर बसविला होता. चालत होता, ज्योत निळी होती, पाणी कडकडीत येत होतें. मीं मनांत म्हटलें, एक खर्च वांचला. नळवाला वयस्क माणूस होता. त्यानें गीझर पाहिला नाहीं, वर पाहिलें. झडपांच्या खिडकीला आत्यानें डांसांसाठीं आंतून पत्रा ठोकला होता. तो म्हणाला, "काका, इथें तुम्ही कुणाची लेक पाठवणार आहांत का अंघोळीला?" मला त्याचा रोख कळेना. तेव्हां त्यानें समजावून सांगितलें, आणि तें मी आपणांस सांगतों, कारण आज या भाषणांतील दुसरें कांहीं लक्षांत राहिलें नाहीं तरी चालेल. गॅस जळण्यास हवा लागते. लहानशा बंद न्हाणीघरांत ती हवा भराभर संपते, ज्वलन अपुरें होतें आणि कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निर्माण होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो. माणसास डोकें जड वाटतें, गळून गेल्यासारखें होतें, आणि दार उघडण्याचें सुचण्यापूर्वींच शुद्ध हरपते. दरवर्षीं हिवाळ्यांत अशा बातम्या आपण वाचतों आणि 'हृदयविकार असेल' असें म्हणून पान उलटतों. आत्या त्या घरांत एवढीं वर्षें वांचली ती बहुधा न्हाणीघराचें दार नीट लागत नसे म्हणून. आणि तें दार मीं त्याच आठवड्यांत सुताराकडून घट्ट बसवून घेतलें होतें.

गीझर त्याच दिवशीं निघाला. खिडकीचा पत्राहि निघाला. विजेचा गीझर बसवावयाचा तर तारांचा प्रश्न आला. दोन हजार वॉटचा गीझर सुमारें नऊ अँपिअर प्रवाह घेतो; आमच्या न्हाणीघरांत होती ती दिव्यापुरती बारीक तार. म्हणून मुख्य फळीपासून स्वतंत्र जाड तार, सोळा अँपिअरचा जोड, आणि त्याला खरोखरीचें अर्थिंग, असें सारें नव्यानें करावें लागलें. 'खरोखरीचें' म्हणण्याचें कारण असें कीं, आमच्या घरांत तीन छिद्रांच्या जोडांतील तिसरें छिद्र शोभेचें होतें. त्यामागें तारच नव्हती. फळीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारी गळतीरोधक कळहि बसविली. ओल्या हातानें बटण दाबणारें लहान मूल त्या घरांत येणार आहे कीं नाहीं, हें आपणांस आज ठाऊक नसतें. स्वतःच्या घरांतले खोडकर बटण आपण अंदाजानें संभाळून वापरतों. परक्याला तो अंदाज नसतो, आणि भाडें घेणाऱ्यानें तो त्याच्याकडून अपेक्षूंहि नये.

भाडें किती मागावें? घराची किंमत आणि बँकेचें व्याज यांचा हिशेब मांडून भाडें ठरवूं जाल तर निराश व्हाल. आपल्या शहरांत किंमतीच्या मानानें भाडें फार थोडें येतें. त्याच इमारतींत, त्याच गल्लींत गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष ठरलेलीं भाडीं विचारावीं, जाहिरातींत मागितलेलीं नव्हेत. मला वीस हजार देणारे गिऱ्हाईक पहिल्या आठवड्यांत आलें होतें, आणि दलालाचें म्हणणें होतें कीं थांबा, बावीस येतील. दोन महिने थांबलों असतों तर चाळीस हजार बुडाले असते, आणि महिना दोन हजारांच्या वाढीनें ते भरून निघण्यास वीस महिने लागले असते. मीं थांबलों नाहीं.

बिऱ्हाडाची निवड करतांना ओळखपत्र, नोकरीचें ठिकाण आणि पूर्वीच्या घरमालकाचा अभिप्राय पाहावा. माझ्या मतें या तिसऱ्या गोष्टीस सर्वांत अधिक महत्त्व आहे, आणि तीच कोणी विचारीत नाहीं. उलट आडनांव, जात, आहार आणि 'एकट्या मुलींना नको' या चाळण्या मात्र हटकून लावल्या जातात. त्या चाळणींतून भाडें बुडविणारा खुशाल खालीं उतरतो, आणि हॉस्पिटलांत रात्रपाळी करणारी परिचारिका वर अडकते. आत्यालाहि प्रथम 'आपल्यांतलेच' हवे होते. आलें तें जोडपें नांदेडचें. तो एका कारखान्यांत, ती शाळेंत. तिनें आत्याला नमस्कार केला आणि विचारलें, "आजी, तुळस इथेंच राहूं द्याल ना? मी पाणी घालीन." पुढें आत्यानें आडनांव विचारलें नाहीं. ठरल्यावर बिऱ्हाडाची माहिती जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावी. ती आतां संगणकावरूनहि देतां येते.

सोसायटीस करार झाल्याचें लेखी कळवून त्याची प्रत द्यावी. घर भाड्यानें दिलें म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊं शकते, परंतु राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशान्वयें तें सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असतां कामा नये, आणि सेवाशुल्कांत महापालिकेचे कर धरावयाचे नसतात. पुण्यांत स्वतः राहणाऱ्यास मालमत्ताकराच्या आकारणींत जी ४० टक्क्यांची सवलत आहे ती भाड्यानें दिलेल्या घरास मिळत नाहीं. तो फरक भाडें ठरवितांनाच मनांत धरावा. प्राप्तिकरासाठीं मालकानें भरलेला मालमत्ताकर भाड्यांतून वजा होतो आणि उरलेल्या रकमेचा ३० टक्के भाग दुरुस्ती वगैरेंसाठीं सोडला जातो, प्रत्यक्ष खर्च कितीहि असो. अर्थात् आमच्या भिंतीचा आणि तारांचा खर्च याहून कितीतरी अधिक झाला, पण त्याबद्दल निराळी वजावट नाहीं.

किल्ली देण्याच्या दिवशीं दोघांनीं मिळून घरांतून एक फेरी मारावी. कोठें ओरखडा आहे, कोणती फरशी तडकली आहे, पंखे किती, दिवे किती, विजेच्या मीटरचा आंकडा काय, हें लिहून दोघांनीं सही करावी आणि प्रत्येक खोलीचीं छायाचित्रें घ्यावीं. अनामतीचा वाद निघतो तो शेवटच्या दिवशीं, पण त्याचें उत्तर पहिल्या दिवशींच लिहून ठेवावें लागतें. अनामतीची रक्कम खर्चूं नये. ती आपली नव्हे. आम्हीं आत्याच्या नांवानें ती वेगळी मुदतठेव केली.

त्यानंतर तें घर त्यांचें. न कळवितां जाऊं नये, आपल्याजवळ दुसरी किल्ली असली तरी. आणि भाडें थकलें म्हणून पाणी किंवा वीज तोडणें हा कायद्यानें गुन्हा आहे. थकलेल्या भाड्यासाठीं करारांतील नोटिशीचा मार्ग आहे, नळाची चावी नव्हे. मुदत संपण्यापूर्वीं दोन महिने आधीं विचारावें: राहणार कीं जाणार? राहणार असतील तर जुनी मुदत संपण्याच्या आंत नवा करार करून तो नोंदवावा. 'चाललें आहे तें चालूं द्या' म्हणून कागदाशिवाय भाडें घेत राहणें, येथूनच पुष्कळ भांडणांस सुरुवात होते.

आमचें बिऱ्हाड आतां दुसऱ्या वर्षांत आहे. गेल्या पावसाळ्यांत पश्चिमेची भिंत कोरडी राहिली. महिन्याच्या पांच तारखेस भाडें आत्याच्या खात्यांत जमा होतें, ती मला चष्मा आणावयास सांगते, आंकडा वाचते आणि विचारते, "पोरीला गरम पाणी येतें ना नीट? फोन करून विचार जरा."